बाजारघराची चौथी भिंत

अ‍ॅट्रॅक्टा टॅन्सी पहिल्यांदा परांचीवर चढली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिच्या अंगात वडिलांची विजार होती, कमरेला सुतळीने आवळलेली. ते १९३५ साल. आमच्या कॅरोलाहन गावच्या चौकात त्या दिवशी गुरांचा बाजार होता, त्यामुळे निम्म्या रॉसकॉमन परगण्याने ती विजार पाहिली. संध्याकाळपर्यंत ही बातमी तिच्या आईकडे सात वेगवेगळ्या बायकांनी पोचवली. आठवी बाई आली तिला आईने दारातच सांगितलं, "ठाऊक आहे. विजार मीच आखूड करून दिली."

तिचे वडील बार्टली चुन्याचे गवंडी. कळीचा चुना विरवताना उकळता शिंतोडा उडून त्यांचा एक डोळा गेला आणि दुसरा अधू झाला. घरात मुलगा नव्हता. लोकांनी दोन-तीन पुतणे सुचवून पाहिले. बार्टलींनी पुतण्यांचे हात हातात घेऊन चाचपले, "हे हात पत्ते कुटायला छान आहेत," म्हणाले, आणि थापी मुलीकडे दिली. ती वर भिंतीशी, ते खाली उभे. थापीने फेकलेला चुना दगडावर बसला की नाही, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे.

वडील गेल्यावरही तिने काम सोडलं नाही. परगण्यात अशी जुनी इमारत क्वचितच असेल जिच्या अंगावर तिचा हात फिरला नव्हता. मोठ्या हवेलीची बाग वेढणारी भिंत, जुनी पाणचक्की, रेल्वे स्टेशन, न्यायाधीश उतरायचे ते घर. प्रॉटेस्टंटांच्या चर्चचं आतलं छतही तिनेच नीट केलं. त्या काळी कॅथलिक माणूस प्रॉटेस्टंटांच्या चर्चमध्ये पाऊल टाकत नसे. शेजाऱ्याची अंत्ययात्रा असली तरी फाटकाबाहेर टोप्या काढून उभे राहायचो आम्ही. तेव्हाच्या धर्मगुरूंनी तिला बोलावून जाब विचारला. ती म्हणाली, "फादर, मी प्रार्थनेला नाही गेले, गिलाव्याला गेले. छत फक्त कॅथलिकांचंच गळतं असं थोडंच आहे." त्यानंतर सहा महिने तिला पॅरिशचं, म्हणजे कॅथलिक चर्चकडचं, एकही काम मिळालं नाही. तिने ते सहा महिने स्वतःच्या घराला चुना देण्यात घालवले आणि घर असं पांढरंशुभ्र केलं की फादरना रोज सायकलवरून जाताना डोळे बारीक करावे लागत.

पण तिचा जीव होता तो बाजारघरात. चौकाच्या मधोमध उभं, खाली पाच कमानी, वर लांबट दालन. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराने ओट आणि लोणी तोलायला बांधलं. पुढे वर कोर्ट बसू लागलं, मग नाच होऊ लागले, मग गावाचं वाचनालय आलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उघडायचं काम तिच्याकडेच होतं. दर जूनमध्ये कॅथलिकांच्या परमप्रसादाच्या सणाची मिरवणूक गावातून निघते. तिच्या आधी प्रत्येक घराला सफेदी होते आणि बाजारघराच्या पश्चिमेच्या भिंतीशी, मधल्या कमानीत, वेदी मांडली जाते. बाजारघराची सफेदी आणि वेदी, दोन्ही टॅन्सींच्या घराकडे. हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणजे ते फार जुनं असणार.

१९८४च्या जानेवारीत गाव-सुशोभन कमिटीची बैठक त्याच दालनात भरली. अध्यक्ष फिन्टन किलोरन. हार्डवेअरचं दुकान, करडा सूट, शाळेत अ‍ॅट्रॅक्टाच्या मागच्या बाकावर बसलेला. माणूस वाईट नव्हता. गावावर त्याचं प्रेमच होतं, फक्त ते प्रेम दर वर्षीच्या स्वच्छ गाव स्पर्धेतल्या गुणांत मोजायची त्याला सवय लागली होती. आणि शेजारच्या बॅलीफर्नाने आदल्या वर्षी आमच्यावर अकरा गुणांनी मात केली होती.

"बॅलीफर्नावाल्यांनी काय केलं ठाऊक आहे?" फिन्टन म्हणाला. "जुन्या शाळेचा गिलावा खरवडून काढला. आतून दगड काय देखणा निघाला! अमेरिकेचे पाहुणे बस थांबवून फोटो काढतात. आपण बाजारघराचं तसंच करायचं. गिलावा काढायचा, दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरायच्या. सरकारी मदत मंजूर आहे, जूनअखेरपर्यंत खर्च करायची आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अ‍ॅट्रॅक्टा पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी होती. ती कमिटीवर नव्हती, पण दालनाची किल्ली तिच्याकडे असल्याने तिला बाहेर काढणंही शक्य नव्हतं.

"फिन्टन, ते दगड शेतातून वेचलेले आहेत," ती म्हणाली. "बटाट्यासारखे. ज्याने बांधलं त्याला माहीत होतं वर गिलावा बसणार, म्हणून घडीव दगड त्याने फक्त कमानींना आणि कोपऱ्यांना लावला. बाकीचे कुणी बघायचे नव्हतेच. गिलावा काढलास तर भिंत पाणी पिईल, आणि वर सिमेंट भरलंस तर प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाट राहणार नाही."

"अगं, आपले मठ बघ, किल्ले बघ. सगळा उघडा दगडच आहे ना? आठशे वर्षं उभे आहेत."

"पडके आहेत ते, बाबा. छपरं गेली, मागोमाग गिलावा गेला. तू आयुष्यभर मढी पाहिलीस आणि आता जित्याजागत्या माणसाची कातडी सोलायला निघालास, मढ्यासारखा दिसावा म्हणून."

कुणीतरी हसलं. फिन्टनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अ‍ॅट्रॅक्टा, तुला सफेदीचं काम जाईल याचं वाईट वाटतंय, ते मी समजू शकतो."

हे मात्र त्याने बोलायला नको होतं. ती नुसती किल्ली बोटात फिरवत राहिली. मत झालं. नऊ विरुद्ध शून्य, कारण तिला मत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या वर्षांत आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात ते वेड शिरलं होतं. पांढरा चुना म्हणजे आजोबांची झोपडी, धूर आणि दारिद्र्य. उघडा दगड म्हणजे किल्ला. पडक्या वास्तूंची आमच्याकडे इतकी रेलचेल की जुनं घर मुळात कसं दिसत होतं हेच आम्ही विसरलो होतो. तिला आठवत होतं आणि ती ओरडून सांगत होती, पण आम्ही तिला चुनेवाली म्हातारी म्हणून सोडून दिलं.

मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणानंतर, ठेकेदार जार्लाथ कमिन्स दोन माणसं घेऊन आला आणि छिन्नी-हातोडे सुरू झाले. आधी उत्तरेची भिंत, मग पूर्वेची, मग दक्षिणेची. अ‍ॅट्रॅक्टा रोज समोरच्या कट्ट्यावर बसून बघायची. गिलाव्याची एक खपली पडली की उठून उचलायची, उलटी करून बघायची. त्यात गुरांचे केस दिसायचे, चुना तडकू नये म्हणून तिच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी मिसळलेले. तिला रडू यायचं आणि रडू येतं याचा राग यायचा. तिने अर्ज केला, राजधानीत डब्लिनला सरकारला पत्र लिहिलं, फोन केला. डब्लिनहून उत्तर आलं की तिचं पत्र मिळालं आहे.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात परांची पश्चिमेच्या भिंतीशी उभी राहिली. ही शेवटची, आणि सगळ्यांत महत्त्वाची. आमच्याकडे वारा आणि पाऊस दोन्ही त्याच बाजूने येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जार्लाथ आला तर मधल्या कमानीत वेदी मांडलेली. पांढरा इस्त्रीचा कपडा, पितळी मेणबत्तीदाण्या, मधोमध निळ्या झग्यातली मेरीमातेची मूर्ती. मिरवणुकीला अजून आठ आठवडे होते. शेजारी खुर्चीवर अ‍ॅट्रॅक्टा माळ ओढत बसलेली.

जार्लाथने आधी टोपी काढली. मग विचारलं, "टॅन्सीबाई, हे काय?"

"वेदी."

"ते दिसतंय. पण आत्ता?"

"मी सहासष्ट वर्षांची आहे, जार्लाथ. हल्ली मला वेळ लागतो. म्हणून लवकर सुरुवात केली."

"मला या भिंतीवर काम करायचंय."

"कर की. तुझा हात कुणी धरलाय? फक्त छिन्नी चालवताना खपल्या मातेच्या डोक्यावर पडणार नाहीत एवढं बघ. आणि पडल्याच तर तुझ्या आईला तूच सांग. ती साडेदहाला फुलं घेऊन येतेय."

जार्लाथने वर भिंतीकडे पाहिलं, खाली मूर्तीकडे पाहिलं. मग हातोडा पिशवीत घातला आणि माणसांना चहा पाजायला घेऊन गेला.

साडेदहाला त्याची आई खरंच आली. तिच्याबरोबर डेलिया म्हणून अ‍ॅट्रॅक्टाची शेजारीण. संध्याकाळी सात बायका रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणायला जमल्या, दुसऱ्या दिवशी वीस. यातल्या निम्म्याजणींना भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं, हे अ‍ॅट्रॅक्टालाही कळत होतं. पण वेदी मांडली की फुलं आणायची आणि गुडघे टेकायचे, एवढं त्यांच्या हाडात होतं. तिने तेवढंच हेरलं होतं.

फिन्टनने फादर गॅननना आणलं. फादर तरुण, सभ्य आणि घाबरट. बायकांची रोझरी संपेपर्यंत ते हात बांधून उभे राहिले. मग म्हणाले, "मिस टॅन्सी, तुमची भक्ती मोठी आहे. पण सणाला अवकाश आहे. वेदी आत्तापुरती काढून ठेवता येईल."

"येईल की, फादर. तुम्ही काढा. मूर्ती जरा जड आहे, कमरेला धरून उचला. मी सगळ्यांना थांबायला सांगते, म्हणजे त्यांना बघता येईल."

वीस बायकांनी माना वळवून फादरांकडे पाहिलं. त्यातल्या अकराजणी रविवारच्या जेवणाला त्यांना आळीपाळीने बोलवायच्या. फादर फिन्टनला म्हणाले, "मला वाटतं हा विषय जरा नाजूक आहे," आणि आजारी माणसाला भेटायचं आठवून निघून गेले.

"तू देवाला वेठीला धरलंयस," फिन्टन तिला म्हणाला.

"त्याची तक्रार आली नाही अजून."

आठ आठवडे ती खुर्चीवर बसली. पाऊस आला तर कमानीत सरकून बसली. मिरवणूक झाली, वेदी मात्र उठली नाही. जून संपला आणि सरकारी मदतीची मुदतही संपली, तेव्हा जुलैच्या एक तारखेला तिने कपड्याची घडी केली, मूर्ती पोत्यात गुंडाळली आणि हातगाडीवरून घरी नेली. चौथी भिंत पांढरी राहिली.

याची किंमत तिने मोजली. स्पर्धेच्या परीक्षकांनी लिहिलं की तीन बाजू मोहक आहेत, चौथी बाजू विसंगत. बॅलीफर्ना पुन्हा पुढे गेलं. ती दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. वेदीशी गुडघे टेकलेल्या बायकाही रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या, एक डेलिया सोडून. चौकात लोक अमेरिकन पाहुण्यांना उत्तरेच्या भिंतीशी उभं करून फोटो काढायचे आणि पश्चिमेकडे कुणी बोट दाखवलं की म्हणायचे, तो आमच्याकडचा एक हट्टीपणा आहे.

मग दोन हिवाळे गेले. पहिल्यात वाचनालयाची उत्तरेकडची पुस्तकं फुगली. दुसऱ्यात त्यांना हिरवी बुरशी आली, पूर्वेकडच्या तुळयांची टोकं भिंतीत कुजली, जमिनीची एक फळी पायाखाली दबली. दर मंगळवारी अ‍ॅट्रॅक्टा पुस्तकं छातीशी धरून पश्चिमेच्या भिंतीकडे हलवायची. शेवटी अख्खं वाचनालय एकाच भिंतीला चिकटून बसलं.

१९८६च्या एप्रिलमध्ये कमिटी पुन्हा बसली. इंजिनियरचा कागद आला होता. इमारत दमट आहे, जुनी आहे, दुरुस्ती परवडणारी नाही. फिन्टनने कागद वाचला आणि चष्मा काढला. "मला आनंद होत नाहीये," तो म्हणाला. "पण छत कुणाच्या डोक्यात पडण्यापेक्षा बाजारघर पाडलेलं बरं. चौक मोकळा होईल, गाड्या लावता येतील. पुढच्या गुरुवारी मत घेऊ."

अ‍ॅट्रॅक्टा कपाटाशी उभी होती. या वेळी ती मोठ्याने बोलली नाही. "एक काम करा. उठा, एक हात उत्तरेच्या भिंतीवर ठेवा, मग पश्चिमेच्या. पाऊस झेलते ती पश्चिमेची. हात लावा आणि मला सांगा कुठली ओली आहे."

कुणी उठलं नाही. सगळे टेबलाकडे बघत राहिले. चूक कळली होती, हे त्यांच्या मानांवरून दिसत होतं, पण नऊ माणसांना एकदम चुकलो म्हणायची हिंमत होत नाही. इमारत पाडणं त्यापेक्षा सोपं. ती पुस्तकं लावून दिवा मालवायला वळली तेव्हा सगळे गेले होते आणि दाराशी फिन्टन एकटा होता. त्याने तळवा उत्तरेच्या भिंतीवर ठेवला, काढला, रुमालाला पुसला. मग चार पावलं जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. ती कपाटामागे थांबली. तो गेल्यावरच बाहेर आली.

सोमवारी सकाळी ती हातगाडीवर घमेलं, थापी आणि आपल्या परसातल्या खड्ड्यात चार वर्षं मुरलेला चुना घेऊन चौकात आली. शिडी उत्तरेच्या भिंतीला लावली. विजारीवर कमरेला सुतळी बांधली. तिला कुणी काम दिलं नव्हतं, परवानगी दिली नव्हती आणि डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे जिना चढायलाही बंदी केली होती. ती वर चढली, दगडांमधलं सिमेंट छिन्नीने उकरलं, भिंत पाण्याने भिजवली आणि वरच्या कोपऱ्यापासून चुना फेकायला लागली.

पबच्या खिडकीत गर्दी झाली. सोमवारभर बघण्यापलीकडे कुणी काही केलं नाही. संध्याकाळी एका पलंगाच्या चादरीएवढा तुकडा पांढरा झाला होता. मंगळवारी आणखी तेवढाच. हिशेब साधा होता. या गतीने तिला तीन भिंतींना तीन महिने लागले असते, आणि मत गुरुवारी होतं.

"अगं, पाडणार आहेत ना ते?" डेलियाने खालून विचारलं. "मग कशाला मरतेस?"

"पाडू देत. पण ओली म्हणून पाडायची नाही. कोरडी करून ठेवते, मग कोरडी भिंत पाडायला या म्हणावं. सगळ्यांच्या देखत."

बुधवारी दुपारी वारा सुटला. आमच्याकडे एप्रिलचा वारा सांगून येत नाही. फिन्टन करडा सूट घालून दुकानातून निघाला आणि चौक ओलांडून शिडीपाशी आला. पबमधले लोक दारात आले. जार्लाथही होता.

"अ‍ॅट्रॅक्टा, खाली ये. इमारत बंद म्हणून जाहीर झालीय. इथे काम करायला मनाई आहे."

"ऐकू येत नाही, वारा आहे."

"तू पडशील."

"मग शिडी काढ. मी वर आहे ते बघून काढ."

त्याने शिडीला हात घातला. तो नेमका कशासाठी घातला होता हे तो पुढे कधीच सांगू शकला नाही. त्याच क्षणी झोत आला, शिडीचं वरचं टोक भिंतीवरून वीतभर सरकलं आणि वर तिचा बूट पायरीवरून निसटला. फिन्टनने दोन्ही हातांनी शिडी कवटाळली, छाती लावली, खांदा लावला. वरून चुन्याचा थेंब त्याच्या करड्या खांद्यावर पडला. मग दुसरा पडला.

ती सावरली. पायरी पायाने चाचपली. खाली पाहिलं.

"सोडू नकोस," ती म्हणाली.

"नाही सोडत. उतर आता."

"कोपरा राहिलाय."

"अ‍ॅट्रॅक्टा, सगळं गाव बघतंय."

"म्हणूनच म्हणते, नीट धर."

आणि ती पुन्हा चुना फेकायला लागली. सोडली तर ती पडणार, धरली तर काम होणार. फिन्टन किलोरन, गाव-सुशोभन कमिटीचा अध्यक्ष, चौकाच्या मधोमध शिडीला मिठी मारून उभा राहिला. केसांत चुना, बुटांवर चुना. पाच मिनिटांनी तो हळू आवाजात बोलला, वर न बघता.

"मी हात लावून बघितला होता."

"ठाऊक आहे."

"पश्चिमेची कोरडी आहे."

"ते मला सांगू नकोस. उद्या टेबलाशी बसून सांग."

दारातली माणसं आता हसत नव्हती. जार्लाथने पेला खिडकीत ठेवला आणि दोन पावलं पुढे येऊन थांबला.

"सांगेन," फिन्टन म्हणाला.

"मोठ्याने सांग. चुकलो असं."

"अ‍ॅट्रॅक्टा..."

"मला नाही. भिंतीला ऐकू जाऊ दे."

त्याने शिडी आणखी घट्ट धरली. मग मान वर केली आणि पबच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चुकलो."

ती थांबली नाही. घमेल्यातला शेवटचा चुना थापीवर घेतला, कोपऱ्यात फेकला आणि रिकामं घमेलं खाली सोडलं. ते जार्लाथने झेललं.

"भरून आण," ती त्याला म्हणाली. "आणि येताना तुझी शिडी घेऊन ये. ही उरलेली आणि आणखी दोन भिंती राहिल्यात."